दारू सोडताना देव, दवाखाना आणि गल्लीतली माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात दर गुरुवारी रात्री भजन असतं. भजन संपलं की बाईमाणसं चपला घालता घालता हळूच विचारतात. गडीमाणसं तिथं विचारत नाहीत. ती दुसऱ्या दिवशी फोन करतात आणि सुरुवात ‘आमच्या एका मित्राचं असं झालंय ओ’ इथून करतात. त्या सगळ्यांना वेगवेगळं सांगून घसा बसला, म्हणून इथं एकदाच लिहून ठेवतो.

मी बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीत मोल्डर होतो. चौदा वर्षं प्यायलो, नऊ वर्षं झाली बंद आहे. मी डॉक्टर नाही आणि महाराजही नाही. औषधांबद्दल खाली जे आहे ते डॉक्टरांकडून ऐकलेलं, बाकीचं अंगावरून गेलेलं.

देवाला शरण गेलं की दारू आपोआप सुटते का?

माझी आई माझ्यासाठी सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आली, जोतिबाला जाऊन आली, सोळा सोमवार केले. ती भंडारा घेऊन परत आली त्या संध्याकाळी मी बसस्टँडच्या मागं दारूचं नव्वद मिलीचं पाकीट दातानं फोडत होतो. तिच्या श्रद्धेत काही खोट नव्हती. पण नवस तिचा होता आणि पिणं माझं.

मला उपयोगी पडलं ते वेगळंच. संध्याकाळी सात ते नऊ ही माझी प्यायची वेळ. त्या वेळेला देवळात कुणीतरी माझी वाट बघायला लागलं. उशीर झाला की घरी पोरगं पाठवायचे, ‘काकांना बोलावलंय’ म्हणून. देव त्या वाट बघण्यात होता असं मी मानतो. तुम्ही नाही मानलंत तरी चालेल, पण ते दोन तास कशानं भरणार ते आधी ठरवा.

उद्या एकादशी आहे. उद्यापासून एकदम बंद करू का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच उत्तरात जीव जाऊ शकतो, म्हणून सावकाश वाचा.

कधीतरी लग्नकार्यात घेणाऱ्यानं एकदम बंद केली तर काही होत नाही. पण जो रोज पितो, ज्याचे हात सकाळी थरथरतात आणि घोट पोटात गेल्यावरच थांबतात, त्यानं डॉक्टरला न विचारता एकदम बंद करू नये. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक काढून घेतली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भ्रम होतो. घाम सुटतो, ताप येतो, माणूस अंथरूण चिवडत बसतो, भिंतीवर मुंग्या दिसतात, मेलेला बाप दारात उभा दिसतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार न झाल्यास माणूस दगावू शकतो.

आमच्याच भावकीतल्या एकानं आषाढी एकादशीला बंद केली. तिसऱ्या रात्री तो ओरडत उठला, कोपऱ्यात बोट दाखवून कुणाशीतरी भांडायला लागला. घरच्यांना वाटलं अंगात आलं. लिंबू उतरवलं, धूप घातला, देवरूषाला आणायला माणूस पाठवला. नशीब एवढंच की शेजारी नर्सबाई राहत होत्या. त्यांनी नाडी बघितली, अंग बघितलं आणि सरळ रिक्षा बोलावली. आठ दिवसांनी तो घरी आला तेव्हा त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं.

तेव्हा एकादशीला संकल्प करा, पण सोबत दवाखान्याचा केसपेपर काढा. हे पहिले दिवस सुखरूप जावेत म्हणून डॉक्टर गोळ्या देतात आणि हळूहळू कमी करत नेतात. व्हिटॅमिन बी-१ चं इंजेक्शनही देतात. रोज किती पिता ते खरं सांगा. ‘थोडीशी घेतो’ म्हटलं की डॉक्टर अशक्तपणा समजून नुसती ग्लुकोजची सलाईन लावतात, आणि बी-१ न देता ग्लुकोज गेलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरसमोर लाजून काय मिळवायचंय?

दवाखाना म्हणजे कुठं जायचं?

बेळगावात सिव्हिल हॉस्पिटलला मानसोपचार विभाग आहे. धारवाडला डिमहान्स हा मानसिक आजारांचा सरकारी दवाखाना आहे, बेंगळुरूला तसाच मोठा निम्हान्स आहे, तिथं व्यसनांसाठी वेगळा विभाग आहे. कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराचे डॉक्टर येतात. तुमच्या तालुक्याला कोणत्या मंगळवारी येतात ते आशा कार्यकर्तीला विचारून जा, नाहीतर फेरी फुकट. फोनवर बोलायचं असेल तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६ आणि केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६, दोन्हीला पैसे पडत नाहीत.

घरच्यांनी जबरदस्तीनं पंढरपूरला नेऊन माळ घातली तर सुटेल का?

काहींची सुटते. बऱ्याच जणांची चार महिन्यांनी माळ खुंटीला लागते.

माळ घालणं म्हणजे काय हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे: तुळशीची माळ, एकादशी, वारी, मांस-मद्य बंद. हा नेम माणसानं स्वतः मागायचा असतो. मामा, सासरे आणि दोन पंच मिळून गाडीत घालून नेतात तेव्हा त्यानं माळ घेतलेली नसते, त्याच्या गळ्यात ती पडलेली असते. शिवाय पहिल्या आठवड्यात माणसाचं डोकंच ठिकाणावर नसतं. मी तर म्हणतो, आधी तीन महिने नुसतं भजनाला येऊ दे. माळेचं नाव काढू नका. त्याचं त्यालाच वाटलं तर तो विचारील. आमच्या महाराजांनी मला दीड वर्ष थांबवलं होतं. तेव्हा राग आलेला, आता कळतं.

माळेचा एक फायदा मात्र कशालाच नाही. पाहुण्यांनी ग्लास पुढं केला की कारण सांगत बसावं लागत नाही. गळ्याकडं बघून हात आपोआप मागं जातो.

माळ असताना प्यायलो. आता सगळं संपलं का?

हा फोन रात्री अकराच्या पुढं येतो. पलीकडून आधी बराच वेळ काही ऐकू येत नाही.

संपलं काही नाही. माळ काढून ठेवली असेल तर ती कोनाड्यात आहे, कुठं पळून जात नाही. आपल्या लोकांची एक समजूत फार नडते: नेम मोडला म्हणजे आपण बाटलो, आता देवळात कुठल्या तोंडानं जायचं? मग माणूस आठ दिवस तोंड चुकवतो, तोंड चुकवायला पितो आणि प्यायल्यामुळं तोंड चुकवतो. एका रात्रीच्या चुकीला महिनाभराचं पिणं चिकटतं ते असं.

माझं दोनदा झालं. दुसऱ्या वेळी मी गुरुवारी देवळाबाहेर पिंपळाखाली उभा होतो, आत जायचा धीर होईना. पखवाज वाजवणारे आण्णा लघवीला म्हणून बाहेर आले, मला बघितलं आणि एवढंच म्हणाले, ‘आत टाळ कमी पडायलेत, चल.’ वास त्यांना आला असणारच.

तेव्हा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कुणा एकाला तरी सांगा. ज्याला सांगायचं तो माणूस आधीच ठरवून ठेवा, घसरल्यावर शोधत बसू नका. सलग तीन-चार दिवस रोज प्यायला असाल तर परत वरचा एकादशीचा प्रश्न वाचा आणि आधी दवाखाना गाठा.

सप्ताहात बसल्यानं फायदा होतो असं ऐकलंय. नक्की कशानं होतो?

माझ्या मते पहाऱ्यानं.

अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. दिवसरात्र कुणाच्या तरी गळ्यात ती असतेच, आणि त्यासाठी पहारे वाटून दिलेले असतात. आमच्याकडे दोन-दोन तासांचा पहारा. खडूनं फळ्यावर नावं लिहितात. बंद करून पाचवा महिना चालला होता तेव्हा माझं नाव रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला लिहिलं. मी म्हटलं, ‘माझा भरवसा नको, दुसरं कुणीतरी बघा.’ फळा पुसायला कुणी उठलं नाही.

दोनला पाच कमी असताना मी देवळात गेलो. माघाची थंडी, लाद्या गार. समईशेजारी सत्तरीचे एक शेतकरी आजोबा वीणा घेऊन उभे होते, मफलर कानाला बांधलेला, डोळे मिटलेले, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि वारकऱ्यांच्या रीतीप्रमाणं खाली वाकून माझ्या पाया पडले. रीत म्हणून मीही पडलो. पण माझ्या पाया कुणी पडावं अशी वेळ मी चौदा वर्षांत ठेवली नव्हती. गल्लीतली पोरं मला दगड मारायची. दोन तास तारेवर बोट फिरवत उभा होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं: चार वाजता पुढचा येईपर्यंत ही खाली ठेवायची नाही.

नंतर कळलं की दारू न पिणंही असंच असतं. जन्मभराचं कुणी सांगितलं तर छाती दडपते. आपला पहारा तेवढा सांभाळायचा, पुढचा माणूस येतोच.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस म्हणजे काय? ते ख्रिस्ती लोकांचं आहे का?

सुरुवात अमेरिकेत झाली, १९३५ साली, अ‍ॅक्रन नावाच्या गावात. बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस आणि डॉक्टर बॉब स्मिथ, दोघेही पिणारे. एका पिणाऱ्यानं दुसऱ्या पिणाऱ्याशी बोललं की दोघांचीही त्या दिवसाची दारू टळते, हे त्यांच्या ध्यानात आलं. दारू सोडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांत देवाचं नाव येतं, पण ‘ज्याला जसा समजला तसा देव’ असं. त्यामुळं विठ्ठल, अल्ला, येशू, बसवण्णांच्या वचनांतला देव, कुणीही चालतो. फी नाही, नावनोंदणी नाही. दारू सोडायची इच्छा ही एकच अट.

मीटिंगमध्ये एकेक जण उठून स्वतःचं सांगतो, मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. आपल्या भजनी मंडळींना हे शिकण्यासारखं आहे. आम्ही उपदेश फार करतो. बारा पायऱ्यांत आणखी एक गोष्ट आहे, ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करून जमेल तिथं भरपाई करायची. मी दुकानदाराची उधारी साडेतीन वर्षं फेडत होतो.

मुसलमान, ख्रिस्ती, लिंगायत मित्र विचारतात की आम्ही भजनाला कसे येणार. यायलाच पाहिजे असं काही नाही. तुमच्या मशिदीत, चर्चमध्ये, मठात संध्याकाळी तुमची वाट बघणारी चार माणसं असली की झालं. नाहीतर ही मीटिंग आहेच, मोबाइलवरही भरते. देवच मानत नसाल तरी या. चहाला कोण नाही म्हणतंय.

गल्लीत कळेल त्याचं काय?

तुम्ही पिता हे गल्लीला तुमच्या आधीपासून माहीत आहे.

धर्मस्थळवाल्यांचं मद्यवर्जन शिबिर आपल्याकडे होतं का? कन्नड येत नसेल तर?

धर्मस्थळ हे दक्षिण कन्नडातलं देवस्थान. त्यांच्या ग्रामाभिवृद्धी (ग्रामविकास) योजनेचं काम १९८२ पासून चालू आहे आणि त्यांच्या जनजागृती वेदिकेतर्फे कर्नाटकभर गावोगावी अशी शिबिरं भरतात. साधारण आठवडाभर गावातच, देवळात किंवा कल्याण मंटपात (मंगल कार्यालयात) माणसं राहतात. तपासणी, योगासनं, भजन, समुपदेशन असतं, घरच्यांनाही बोलावतात. मला त्यातलं सगळ्यात चांगलं वाटतं ते शिबिर संपल्यानंतरचं: सोडलेल्यांची ‘नवजीवन समिती’ करतात आणि ती माणसं पुढं नेमानं भेटत राहतात. तुमच्या भागात कधी आहे ते त्यांच्या बचत गटातल्या बायकांना बरोबर माहीत असतं.

भाषेचं म्हणाल तर सीमेवरच्या माणसानं हे निमित्त सांगू नये. बारमध्ये कन्नड येत होतं ना? ‘इन्नोंदु क्वार्टर’, म्हणजे आणखी एक क्वार्टर, म्हणायला कुणी दुभाष्या लागला नव्हता. भाषेचा झगडा आपल्या जागी आहे, त्यावर माझीही मतं आहेत. पण थरथरणारा हात कोणत्या भाषेत धरला हे धरणाऱ्याला विचारू नये.

दारू सोडवायची पावडर भाजीतून दिली तर?

देऊ नका. काही पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. काहींमध्ये डायसल्फिराम असू शकतं. ते डॉक्टरांचं औषध आहे, ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो. हृदय कमकुवत असेल तर माणूस मरू शकतो. म्हणूनच डॉक्टर ते रोग्याला सांगून, त्याची तयारी असेल तरच देतात. चोरून घातलेली पुडी आणि त्याच रात्री प्यायलेलं क्वार्टर, दोन्ही एका पोटात गेलं की बायको उगीच पोलिस स्टेशनच्या पायऱ्या चढते.

अंगाऱ्याला माझी हरकत नाही. कपाळाला लावायचा, दवाखान्याचा कागद खिशात ठेवायचा.

लक्ष्मी यात्रेला शंभर पाहुणे येणार. तिथं कसं सांभाळायचं?

हा खरा पेपर. गावची लक्ष्मी यात्रा कितीतरी वर्षांनी येते, रंगरंगोटी होते, लेकी-जावई येतात, मटण शिजतं आणि मागच्या परड्यात खोकी उतरतात. गोव्याहून चोरला घाटानं आलेला माल तर मानाचा. ‘यात्रा आहे, आज देवीसुद्धा काही म्हणत नाही’ असं म्हणणारा एक साडू प्रत्येक घरात असतो.

बंद करून सहा महिने झाले नसतील तर यात्रेच्या मुख्य दोन दिवसांत गावात राहू नका, असं मी स्पष्ट सांगतो. देवीचं दर्शन सकाळी लवकर घ्या, ओटी भरा, गाडी धरा. लोक नावं ठेवतील, चार दिवस ठेवू देत. राहायचंच असेल तर काम अंगावर घ्या: पंगतीत वाढपी व्हा, पाण्याच्या टँकरवर बसा, देवी बसवतात त्या गदगेच्या रांगेत स्वयंसेवक व्हा. हात रिकामा ठेवू नका, पोट तर नाहीच, उपाशी माणसाला तल्लफ लवकर येते. आणि बरोबर असा एक जण ठेवा, ज्यानं तुम्हाला ‘चल’ म्हटलं की तुम्ही वाद न घालता चालू लागाल.

मी त्यांची बायको आहे. मी काय करू?

वैनी, पहिली गोष्ट, तुमच्यामुळं ते पीत नाहीत. सासू काहीही म्हणू दे. केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ साली जाहीर झालेल्या पाहणीत देशात ५ कोटी ७० लाखांच्या आसपास लोकांना दारूपायी मदतीची गरज आहे असं आढळलं. एवढ्या सगळ्यांच्या बायकांनी मीठ जास्त घातलं होतं काय?

दुसरं, त्यांच्या वतीनं खोटं बोलणं बंद करा. कारखान्यात ‘ताप आहे’ म्हणून तुम्ही फोन करायचा, बारची उधारी माहेरून आणून भागवायची, हे माझ्या बायकोनं अकरा वर्षं केलं. तिनं थांबवलं त्या महिन्यात मला पहिल्यांदा घाम फुटला. हे ऐकायला कठोर वाटतं, पण रागानं करू नका. शांतपणे, सकाळी, ते शुद्धीत असताना सांगा. प्यायलेल्या माणसाशी रात्री बोलणं म्हणजे नळाला पाणी नसताना घागर लावून बसणं.

तिसरं, तुमच्यासाठीही चार माणसं शोधा. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे गट १९५१ पासून आहेत. तसा गट जवळ नसेल तर हरिपाठाच्या बायका, बचत गटातल्या बायका, माहेरची वहिनी चालेल, पण एकटीनं गिळू नका. मारहाण होत असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि पोरांना घेऊन आधी बाहेर पडा. महिलांसाठी १८१ हा नंबर आहे. तिथं सहन करण्यात कसलंच पुण्य नाही.

व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं तर कसं निवडायचं?

आधी स्वतः जाऊन बघा. नोंदणी दाखवा म्हणा. डॉक्टर किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देतात का, सुटल्यानंतर पाठपुरावा काय, हे विचारा. ‘दोन महिने भेटायचं नाही, आम्ही सरळ करतो’ असं म्हणणाऱ्या ठिकाणाहून परत फिरा. मला एकदा अशाच एका ठिकाणी ठेवलं होतं. तिथं पहाटे चारला उठवून प्रार्थना म्हणायला लावायचे आणि चुकलं की पट्टा. बाहेर आल्यावर पहिल्या थांब्यावर उतरून मी प्यायलो. साखळीनं बांधणं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं बंदच आहे.

मराठीतून उपचार हवे असतील तर पुण्याचं मुक्तांगण आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंनी त्यासाठी मदत दिली होती. आपल्या भागातली बरीच माणसं तिथं जाऊन आली आहेत.

माळकऱ्याला तंबाखू चालते का?

तंबाखूच्या निपाणीजवळ राहून हा प्रश्न विचारू नये! पहाऱ्यात वीणा गळ्यात आणि गालात गोळी, असे मी पुष्कळ बघितले, त्यात मीही होतो. चालत नाही. दारूनंतर दोन वर्षांनी सोडली आणि खरं सांगतो, ती जास्त जड गेली. तंबाखूसाठी सरकारी फोन १८००-११-२३५६.

आमच्या भजनी मंडळात एका पिणाऱ्याला आणायचंय. कसं वागायचं?

प्यायलेला आला तरी परत पाठवू नका, फक्त दाराजवळ बसवा आणि कुणीतरी शेजारी बसा. कीर्तनात दारूवर बोलताना त्याच्याकडं बघू नका. ‘बघा, हा कसा सुधारला’ म्हणून पहिल्याच महिन्यात माईक हातात देऊ नका, तो माईक फार जड असतो. पैशाचा हिशेब, वर्गणीची पेटी लगेच देऊ नका. पण काम द्या. सतरंज्या झटकणं, समईत तेल घालणं, चहाचे कप विसळणं.

आणि टाळ द्या. सुरुवातीला हात थरथरतो, ठेका चुकतो, सगळ्या भजनात एक टाळ मागं वाजत राहतो. माझा दोन महिने वाजला. आण्णा पखवाज तेवढा हळू करायचे, मी गाठेपर्यंत.